म्हणून पळालो, तरी माघारी आलो

तुमचा तेरावा झाला, पाहुणे गेले, दारातला मांडव सुटला. आता तुम्हाला एक सांगायचं राहिलंय, आन् ते सांगितल्याबिगर मला बूड टेकवत नाही. सकाळपासून तीनदा झाडू मारला. कचरा नाही काही नाही, नुसता झाडू. रेवती म्हणते, "आज्जी, एका जागी बस ना. तू फिरत बोलली तर मी लिहू कशी?"

मी बोलते, ती लिहिते. माझे डोळे आता ओळ धरत नाहीत. आपल्या नातीला मराठी अक्षरं तुम्हीच शिकवलीत, पाटीवर, ती तेलुगू आन् इंग्रजी शिकून आली की संध्याकाळी. तरी ळ आला की थांबते. मी तिला पहिल्यांदा एकच सांगितलं. "बाई, मी बोलीन तेच लिही. शब्द बदलू नको. चांगला दिसत नाही म्हणून बी बदलू नको."

ती म्हणली, "मी कायकू बदलू?"

आता तिला काय सांगू, कायकू बदलतात ते.

तुम्ही चीनच्या लढाईतून आलात तो दिवस घ्या. हैदराबादला काचीगुडा स्टेशनात उतरलात, रिक्षा करून अंबरपेठेत आलात. मी ओट्यावर ज्वारी पाखडत होते. दोन महिने पत्र नव्हतं. समोर एक माणूस येऊन उभा राहिला, गालफडं बसलेली, उजवा हात पांढऱ्या पट्टीत, कोपरापर्यंत. मी म्हणलं, "मालकीण आत आहे." भाडेकरू समजले मी तुम्हाला. मालकीण म्हणजे आपली खाला, तिच्याच दोन खोल्यांत आपण राहत होतो. ती बाहेर आली आन् तिनं ओळखलं. कपाळावर हात मारला.

"अगे गया! नाम तेरा गया, पन मरद तो आया ना! उठ मां, पानी ला!"

पुढं जन्मभर तिनं हा विनोद केला. मी सूप खाली ठेवलं आन् पाणी आणलं. रडले नाही. आमच्या घरी माणसासमोर रडायची रीत नव्हती आन् एकटीला वेळ नव्हता.

हाताची तीन बोटं गेली होती, पायाची दोन. बर्फानं काळी पडली, मग दवाखान्यात कापली. मी पाय धुवायला घेतले तवा तुम्ही एवढंच म्हणलात, "कापडाचे बूट होते गया. त्या बर्फात, कापडाचे."

मग पलटणीतून कागद आला. नवा साहेब आलाय, त्यानं सांगितलंय, जे वाचून आले त्यांनी जे बघितलं ते आपापल्या भाषेत लिहून द्यावं. फौज नव्यानं बांधायची आहे. जुनी कुठं कुठं उसवली ते कळल्याबिगर नवी शिवता येत नाही, असं तुम्ही मला समजावून सांगितलंत. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही पोटभर जेवलात. तुम्हाला वाटलं, आता कुणी तरी विचारतंय.

पण लिहिणार कोण? तुमचा हात बांधलेला. मी चौथीपर्यंत गेलेली. तुम्ही म्हणलात, "तू लिही. मी सांगतो."

आता त्या सकाळी काय झालं होतं ते तुम्हाला ठाऊक नाही. नळावर रांग होती. माझ्या मागची बाई दुसरीला सांगत होती, मला ऐकू येईल असं. "हिचा मालक म्हणं बंदूक टाकून पळाला. चिन्याला पाठ दाखवून पळाला." माझा नंबर आला, कळशी भरली, आन् भरली कळशी तिच्या डोक्यावर पालथी केली. तिनं माझा अंबाडा धरला. खालानं मधी पडून सोडवलं. "नक्को मां, नक्को! पानी वैसेच कम आता, उसमें ये नहाने बैठे!" घरी आले तवा लुगडं ओलं होतं. तुम्ही विचारलं, काय झालं? मी म्हणलं, नळाला जोर लई होता.

त्याच दुपारी तुम्ही भिंतीला टेकून बसलात आन् मला सांगायला लागलात. हळूहळू. मला अक्षर काढायला वेळ लागायचा, तुम्ही थांबायचात. कापडाचे बूट लिहिलं. एका बंदुकीला किती गोळ्या होत्या ते लिहिलं. वरची वाट कुणाला ठाऊक नव्हती ते लिहिलं. मग तुम्ही डोळे मिटलेत आन् म्हणलात:

"मागं या असा हुकूम आला. मागं कसं यायचं ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पुढं जायचं शिकवलं होतं, मरायचं शिकवलं होतं. मागं यायचं नाही. म्हणून आम्ही पळालो."

माझी पेन्सिल थांबली. "पळालो लिहू?"

"मग काय लिहिशील? पळालो."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांसाठी नाही ते. उद्याच्या पोरांसाठी आहे. लिही पुढं. बाबूचा पाय सुजला होता, बूट चढत नव्हता. तो जिवंत होता. तो हाका मारत होता. आम्ही पळत होतो."

बाबू तुमचा दोस्त. एका दिवशी भरती झालेले तुम्ही दोघं. आपल्या लग्नात पंक्तीला त्यानं वाढलं होतं, वरण सांडलं होतं माझ्या मामाच्या धोतरावर.

तुमचे डोळे मिटलेलेच होते. माझ्या कानात नळावरची बाई होती. पळाला, पळाला. मी तो शब्द लिहिला नाही. मी लिहिलं, माघारी आलो. आपल्याकडं कुणी बाजारातून आलं तरी माघारी आला म्हणतात. त्यात लाज नाही. पण मग आधीचं वाक्य बसंना. शिकवलं नव्हतं म्हणून माघारी आलो, असं कसं होईल? म्हणून मी 'म्हणून' खोडलं आन् 'तरी' केलं. मागं कसं यायचं ते कुणी शिकवलं नव्हतं, तरी आम्ही माघारी आलो. आता वाक्य कसं छान बसलं. आन् बाबूचं लिहिलंच नाही. नीट माघारी येणारी माणसं जित्या माणसाला मागं ठेवून येतात का? ते सगळं मी गाळलं.

कागद तुमच्यासमोर धरला. तुम्ही डाव्या हातानं वाकडी सही केलीत. वाचला नाहीत. "तू लिहिलंस ना, मग झालं."

हे एक वाक्य. साठ वर्षं हे वाक्य मी अंगावर घेऊन चालले, आन् तुम्ही म्हणायचात, गया, तू वाकलीस लवकर.

हात बरा झाला तशी तुमची बदली लष्करला झाली. लढाईला हात चालत नाही, पण शिकवायला चालतो, म्हणून तुम्हाला नव्या पोरांचा उस्ताद केलं. सिकंदराबादला आपल्याकडं अजून लष्करच म्हणतात. तिथून रविवारी सायकलवर घरी यायचात. असेच एका रविवारी आलात. मी भाकरी वाढली. तुम्ही म्हणलात, "साहेबांनी बोलावलं होतं. कागद वाचून घेतला त्यांनी."

माझ्या हातातलं पिठाचं भांडं तसंच राहिलं.

"साहेब म्हणले, शिकवलेलं नसताना तुम्ही माणसं शिस्तीत परत आणली. शाब्बास. बूट नवे येतील, कोट नवे येतील. मागं यायचं वेगळं शिकवायची काय गरज? तुम्ही तर न शिकवता आलात."

मग तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "गया, तू काय लिहिलं होतंस?"

मी म्हणलं, "तुम्ही सांगितलं तेच."

तुम्ही भाकरी मोडलीत. ठेचा मागितलात. मी दिला. एवढंच झालं.

पुढं चार वर्षं आपल्या घरी दुसरं बोलणं नव्हतं. फौजेत सगळं नवं येत होतं. नवी रायफल आली, दर गोळीला खटका ओढायची जुनी गेली. लोकरीचे मोजे आले, कातड्याचे जाड बूट आले. तुम्ही पहिला बूट हातात घेतलात तवा बराच वेळ नुसते दाबून बघत बसला होतात, असं तुम्हीच सांगितलंत. पोरं कुठून कुठून यायची, त्यांची भाषा तुम्हाला येत नव्हती, तुमची त्यांना. रोज संध्याकाळी त्यांना बूट काढायला लावायचात आन् एकेकाच्या बोटांच्या मधी बघायचात. मी म्हणलं, "बायकोच्या पायाला भेगा पडल्या ते दिसत नाही, आन् परक्या पोरांचे पाय बघता?" दुसऱ्या रविवारी एरंडेल आणलंत. कोनाड्यात ठेवलंत.

पण मागं यायचं शिकवायचं कुणाच्या कागदात नव्हतं. माझ्यामुळं नव्हतं, असं मी मनात म्हणायचे. एका कागदानं काय होतं, असं बी म्हणायचे. दोन्ही म्हणायचे.

तुम्ही ते आपल्या घरच्या फरशीवर बसवलंत. चिंचोके मांडून. चार चिंचोके मागं सरकवायचे, चार जागेवर ठेवायचे. हे बसलेले चार समोर नजर ठेवणार, ते चार मागं जाऊन बसणार. मग हे उठणार. पाठ दोघांची एका वेळी फिरायची नाही. आन् एक फुटका चिंचोका असायचा, तो दोघांच्या मधी. त्याला आधी न्यायचं. तो नेल्याबिगर कुणी हलायचं नाही. खाला दारातून बघायची. "क्या उस्ताद, इमली के बीजां को परेड सिखा रै क्या?" तुम्ही म्हणायचात, "बीजां मेरी सुनते, खाला. सुभेदार नहीं सुनता."

सुभेदार नव्हताच ऐकणारा. तुम्ही मैदानात ते शिकवताना त्यानं धरलं. सगळ्या पोरांसमोर म्हणला, "लड़ाई सिखाने को रखा है, भागना सिखा रहा है? खुद भागा, अब इनको भगाएगा?" तुम्हाला मैदानातून काढून कोठारात बसवलं, बुटांच्या जोड्या लावायला. तुम्ही हे सांगत होतात तवा हसत होतात. मला हसू आलं नाही. मी भांडले. आठवतं? ताट सरकवलं मी.

"नका ना शिकवू! सगळे उस्ताद पुढं जायचं शिकवतात, तुम्ही बी तेच शिकवा. नाव निघंल, बाहीवरची पट्टी वाढंल."

तुम्ही म्हणलात, "कागदात नीट गेलं असतं तर मला मैदानात बोंबलावं लागलं नसतं."

मला वाटलं, साहेबाला म्हणता. मी मान खाली घालून ताट उचललं.

पट्टी वाढली नाही. सहा महिन्यांनी कोठारातून सुटलात, आन् दुसऱ्याच दिवशी मैदानात तेच चालू केलंत. आपला मोहन जन्मला तवा सांगावं वाटलं. तुम्ही पेन्शनीत आलात आन् कुकटपल्लीच्या कारखान्यावर चौकीला लागलात तवा सांगावं वाटलं. एकदा तर तुम्ही दाढी करत होतात, मी समोर जाऊन उभी राहिले, तोंड उघडलं आन् म्हणलं, "डाळ संपली." तुम्ही आरशातून बघितलंत. "बरं," म्हणलात.

मी काचीगुड्याला भाजीला निघाले की तुमचं ठरलेलं असायचं. "लवकर माघारी ये, गया." दर वेळी. मला वाटायचं, ह्या माणसाला ठाऊक नाही हा शब्द मला कसा लागतो.

आता तेराव्याचं ऐका. दुपारी पंक्ती उठल्यावर एक म्हातारा आला. काठी टेकत, कुकटपल्लीहून दोन बसा बदलून. माझ्यासमोर खालीच बसला. "अम्मा, नेनू... मैं यादगिरी. उस्ताद का चेला." तुम्ही ह्याचं नाव घ्यायचात, तेलुगू पोरगा, पाय लई घामेजायचे म्हणायचात. आता त्याचे सगळे केस पांढरे. पायातले मोजे पांढरे, स्वच्छ.

तो सांगायला लागला. पुढच्या लढाईत त्यांची तुकडी तिन्ही बाजूंनी अडकली होती. "हमारा कमांडर पंजाबी था अम्मा, वो भी उस्ताद का सिखाया हुआ. वो चिल्लाया, 'माघारी!' मैं तेलुगु, एक मद्रासी, एक बंगाली. सब समझ गए. पहले जख्मी को उठाए. फिर चार पीछे, चार वहींच. सब के सब आए अम्मा. एक भी नहीं छूटा."

मी म्हणलं, "माघारी? पंजाब्यानं?"

"हौ अम्मा. उस्ताद वहीच बोलते थे. हुकुम का नामच वो था. हम पूछे, उस्ताद, ये क्या लफ्ज है? तो बोले, मेरी घरवाली का लफ्ज है. मैं बोला था 'भागे'. उसने कागज पे 'माघारी' लिख दिया. साहब के सामने क्लर्क ने कागज पढ़ा, तब मेरे को मालूम पड़ा." यादगिरीनं डोळे पुसले. "फिर बोले, मैं तो भागा था, बेटे. मगर लफ्ज अच्छा है. तुम लोग इसको सच करो."

घरात पंधरा माणसं होती. मोहन माझ्याकडं बघायला लागला. मी उठले आन् चहा ठेवला. साखरेच्या जागी मीठ पडलं. यादगिरी सगळा चहा प्याला. "अच्छी है अम्मा," म्हणला. तुमचाच चेला.

तवापासून मला बूड टेकवत नाही.

म्हणजे त्या रविवारी तुम्ही मला विचारलंत, गया, तू काय लिहिलं होतंस, तवा तुम्हाला ठाऊक होतं. कारकुनानं वाचून दाखवलं होतं. ठाऊक असून विचारलंत, मी खोटं बोलले, आन् तुम्ही ठेचा मागितलात. का विचारलंत मग? मला एक वाट करून देत होतात? आन् साहेबाला तिथंच का नाही म्हणलात, की हे खोटं आहे, बायकोनं बदललंय? मला लाज वाटू नये म्हणून गप्प बसलात? एका बाईच्या लाजेपायी सहा महिने बुटांच्या जोड्या लावत बसलात? मी तुमचं काय करू? भांडू कुणाशी? फोटोशी भांडता येत नाही, तो नुसता ताठ बसलेला असतो.

आन् ते रोजचं, लवकर माघारी ये गया. ते काय होतं? माफी होती का टोचणी? दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही म्हणलात, मी निघतो. मी म्हणलं, असं बोलू नका, माघारी या. तुम्ही हसलात. म्हणलात, "या खेपेला तसा हुकूम नाही." मला वाटलं ताप डोक्यात गेला. तुम्ही तर विनोद केला होता. साठ वर्षांत पहिल्यांदा उघड बोलला होतात, आन् मला कळलं नाही.

मी उपकार मानते तुमचे. माझं खोटं तुम्ही फेकलं नाहीत, त्याला कामाला लावलंत. माझ्या चौथीच्या शब्दावर पंजाबी आन् मद्रासी पोरं उठली, बसली, घरी आली. त्यांच्या आयांनी ज्वारी पाखडता पाखडता त्यांना बघितलं असंल. हे ऐकून छाती भरून येते. आन् दुसऱ्या क्षणाला तो फुटका चिंचोका दिसतो.

बाबूसाठी तो शब्द खरा झाला नाही. बाबूला मी कागदावर येऊच दिलं नाही. तुम्ही त्याला रोज फरशीवर आणलंत, आधी ह्याला न्यायचं म्हणून, मी त्याला झाडून सुपात भरायचे. तुमच्या डोळ्यांदेखत. पुढच्या रविवारी पुन्हा एक फुटका शोधायचात.

म्हणून आज रेवतीला बसवलं. तिनं इथवर लिहिलं. मी विचारलं, "बदललं नाहीस ना?" ती म्हणली, "नै आज्जी. चहात मीठ टाकलं ते बी लिहिलं." मग मी तिच्या हातातून पेन घेतला. ती म्हणली, "तुला दिसत नै ना." मी म्हणलं, "एवढं दिसतं." ही खालची अक्षरं माझी आहेत. मोठी आहेत, ओळीवरून उतरलीत, ळ उलटा झाला असंल. पण तुम्ही सांगितलं तेच आहे.

मागं या असा हुकूम आला. मागं कसं यायचं ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पुढं जायचं शिकवलं होतं, मरायचं शिकवलं होतं. मागं यायचं नाही. म्हणून आम्ही पळालो. बाबूचा पाय सुजला होता, बूट चढत नव्हता. तो जिवंत होता. तो हाका मारत होता. आम्ही पळत होतो.

घ्या. या खेपेला सही करायच्या आधी वाचून बघा.